तक्रार निरंक

मंडळी, पोस्ट मोठी आहे. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधीच सांगतो, शाळेचं नाव लिहिणार नाही, गावाचंही नाही. मुलीबद्दलचे तपशील मुद्दाम बदलले आहेत. का, ते पुढे कळेल.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरचं प्रकरण झालं आणि पुढच्या पंधरा दिवसांत माझ्याकडे छोट्या कुलपांचा खप वाढला. शाळांचे शिपाई येत होते, "तक्रारपेटीला लावायचंय, बारकं द्या." तक्रारपेटीची सूचना काही नवीन नव्हती, २०१७ पासूनची आहे. पण २१ ऑगस्ट २०२४ चा शासन निर्णय आला, वरून विचारणा सुरू झाली, आणि मग माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या. काही ठिकाणी मिठाईच्या पत्र्याच्या डब्याला फट पाडून पेटी झाली. आमच्या पोरांच्या शाळेला मी कुलूप फुकट दिलं. दोन किल्ल्यांसकट. त्याच वर्षी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य म्हणून माझं नाव लागलं.

समितीच्या बैठकीचं एक इतिवृत्त असतं. विषय ठरलेले. पोषण आहार, स्वच्छतागृह दुरुस्ती, स्नेहसंमेलन. त्यात एक ओळ कायम असायची: "तक्रारपेटी उघडण्यात आली. तक्रार निरंक."

निरंक म्हणजे काही नाही. शून्य. सरकारी कागदावरचा सगळ्यांचा लाडका शब्द. मी त्या ओळीखाली अकरा महिने सही केली. पेटी उघडताना एकदाही पाहिली नाही. चहा यायचा, बिस्किटं यायची, रजिस्टर फिरायचं, सही व्हायची.

मग गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी शाळेला रंग द्यायचं काम निघालं. रंगाऱ्याने पेटी भिंतीवरून काढली, आणि आतून कागद सळसळले.

मी तिथेच उभा होतो. म्हटलं, किल्ली आणा. मुख्याध्यापक सर म्हणाले, ड्रॉवरमध्ये होती. ड्रॉवरमध्ये नव्हती. क्लार्कभाऊ म्हणाले, दुसरी तर पहिल्याच महिन्यात हरवली. म्हणजे अकरा महिने "उघडण्यात आलेल्या" पेटीची किल्लीच कुणाकडे नव्हती. दुकानातून हॅक्सॉ मागवला आणि मीच दिलेलं कुलूप मीच कापलं.

आत वेफर्सची रिकामी पाकिटं होती, एक तुटकी पट्टी होती आणि तेवीस चिठ्ठ्या होत्या.

सात-आठ चिठ्ठ्या मुलींच्या टॉयलेटला पाणी नाही याबद्दल. दोन चिठ्ठ्या एका सरांच्या मारण्याबद्दल. एका पाचवीतल्या पोराने लिहिलं होतं की मोठी मुलं रोज त्याच्याकडून दहा रुपये घेतात आणि सांगितलंस तर नळाजवळ धरू म्हणतात. तेच अक्षर आणखी तीन चिठ्ठ्यांवर होतं. पोराने चार वेळा लिहिलं होतं. चौथ्या चिठ्ठीत फक्त "कोणी वाचता का" एवढंच होतं.

आणि एक चिठ्ठी तिसरीतल्या मुलीची. वहीच्या पानाचा चतकोर तुकडा. वर्गपाठाच्या वहीत घालतात तशी वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातलेली. मागच्या सप्टेंबरची. खाली दोन ओळी: व्हॅनवाले काका मला पुढे बसवतात. मला पुढे नाही बसायचं.

बस. एवढंच.

सर म्हणाले, "यात काय आहे शेठ? पुढे बसवलं म्हणजे गुन्हा झाला का?"

नसेलही झाला. मला माहीत नव्हतं, सरांनाही माहीत नव्हतं. पण आठ वर्षांच्या पोरीने वहीचं पान फाडलं, तारीख घातली, चिठ्ठी लिहिली, घडी केली आणि मुख्याध्यापकांच्या ऑफिसच्या दारातल्या पेटीत, सगळ्यांच्या देखत टाकली. तिला जेवढं लिहिता आलं तेवढं तिने लिहिलं. पुढचं विचारणं हे आपलं काम होतं, आणि आपण तिथे "निरंक" लिहून बसलो होतो.

संध्याकाळी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांचा फोन आला. अगदी प्रेमाने. "शेठ, बाहेर जाऊ देऊ नका. आपण आपल्या पातळीवर चौकशी करू."

माझा सगळा राग या तीन शब्दांवर आहे. आपल्या पातळीवर.

कायदा काय सांगतो ते ऐका. वकील नाही मी, पण आता वाचलंय. २०१२ चा पोक्सो कायदा, कलम १९. मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा असा गुन्हा होईल अशी ज्याला नुसती शंका आहे, त्याने पोलिसांना कळवायचं. "कळवावं" नाही, कळवायचंच. शंका पुरेशी आहे, पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. कलम २१: न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल माहिती दाबली तर एक वर्षापर्यंत, वर दंड. आणि चांगल्या हेतूने कळवलं, पुढे काही निघालं नाही, तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही कलम १९ मध्येच लिहिलंय. "आपल्या पातळीवर चौकशी करून मग ठरवा" असं या कायद्यात कुठेही नाही.

हे कागदावरचंच राहतं असं वाटत असेल तर आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुऱ्याचं प्रकरण बघा. आदिवासी मुलींचं वसतिगृह. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर, माहिती असून कळवलं नाही म्हणून गुन्हा दाखल झाला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केल्याचा निकाल फिरवला, आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. बदलापुरातही शाळेच्या लोकांवर न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला.

मी त्या रात्री १०९८ ला फोन केला. हा नंबर लहान मुलांच्या मदतीचा, चोवीस तास चालणारा. १९९६ मध्ये आपल्या मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून ही हेल्पलाइन सुरू झाली आणि मग देशभर गेली. मराठी मुलखात जन्मलेला नंबर आणि आपल्याच किती शाळांच्या भिंतीवर तो दिसतो, मोजा एकदा.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. एक मॅडम, साध्या कपड्यांत. तेही कायद्यात आहे बरं का, मुलाचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असायचं नाही, आणि जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा. वर्गबाईंनी अक्षर ओळखलं. मुलगी जूनमध्येच शाळा सोडून दुसऱ्या गावी गेली होती. व्हॅनवाल्याची चौकशी केली तर तो आमच्या शाळेचं काम केव्हाच सोडून दुसऱ्या शाळेच्या फेऱ्या करत होता. दुसरी शाळा. दुसरी मुलं. तीच पुढची सीट.

पुढचं मी लिहिणार नाही. प्रकरण चालू आहे आणि मुलीची ओळख पटेल असं काहीही लिहिणं गुन्हा आहे. कमेंटमध्ये कुणी गावाचं नाव टाकलं तर मी कमेंट उडवीन, मग तो कितीही जवळचा असो.

आता मूळ मुद्द्याला येतो. हा काही आमच्याच शाळेचा गचाळपणा नाही. तसं असतं तर भांडून मोकळा झालो असतो. हा आपल्या सगळ्यांचा स्वभाव आहे.

आठवा आपली शाळा. गुन्हे कळवण्याची योजना आपल्या शाळांत कधीपासून आहे? कायमचीच आहे. तिचं नाव मॉनिटर. बाई बाहेर गेल्या की मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा, जास्त बोलला की नावापुढे फुली. बाई आल्या की हातावर छडी. म्हणजे लहानाने लहानाबद्दल वर सांगितलं तर ती शिस्त, आणि पाच मिनिटांत कारवाई. तेच पोरगं मोठ्या माणसाबद्दल बोललं तर? "चोंबडेपणा करू नकोस." "मोठ्यांबद्दल असं बोलतात का?" "तूच काहीतरी केलं असशील."

मुलं मूर्ख नसतात. त्यांना पहिलीतच कळतं की या शाळेत तक्रार वरून खालीच येते, खालून वर जात नाही. मग आपण भिंतीवर पत्र्याची पेटी ठोकतो, त्यावर रंगीत अक्षरांत "निर्भयपणे लिहा" असं लिहितो, आणि म्हणतो की मुलं बोलतच नाहीत हो.

पेटी कुठे असते? मुख्याध्यापकांच्या ऑफिसबाहेर. वर सीसीटीव्ही कॅमेरा. शेजारी शिपाईमामांचं स्टूल. ज्या सरांबद्दल लिहायचंय ते सर दिवसातून दहा वेळा तिथून जातात. सांगा, तुम्ही टाकाल चिठ्ठी? आपण मोठी माणसं ऑफिसात साहेबाविरुद्ध टाकत नाही.

किल्ली कुणाकडे असते? ज्यांच्या माणसांबद्दल तक्रार असू शकते त्यांच्याकडे. घरफोडीची फिर्याद घ्यायला चोराच्या भावाला बसवण्यासारखं आहे हे. सगळेच वाईट असतात असं मी म्हणत नाही. आमचे सर सज्जन आहेत, तीस वर्षं इमानदारीने शिकवलंय त्यांनी. पण सज्जन माणसालाही शाळेची बदनामी नको असते, पटसंख्या घसरायला नको असते, संस्थेचा फोन नको असतो. सज्जन माणसाचीसुद्धा किल्ली हरवते.

आणि दरवर्षीचे नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोचे आकडे बघा. पोक्सोच्या बलात्कारासारख्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, कामावरचा माणूस, गाडीवाला. ज्याला मूल "काका" म्हणतं तो. त्यामुळे "आपली माणसं आहेत, आपण बघून घेऊ" हे वाक्य जिथे ऐकाल तिथे सावध व्हा.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला, "पोरं खोट्या तक्रारी करतील." करतील काही. आमच्या तेविसात एक होतीच, गणिताच्या सरांना हाकला म्हणून, खाली सही "सर्व विद्यार्थी". वाचून हसलो आणि बाजूला ठेवली, दहा सेकंद गेले. खोटी तक्रार तपासायला दहा सेकंद ते दोन दिवस लागतात. खरी तक्रार न वाचण्याची किंमत त्या मुलीला विचारा. कायद्यानेही यावर विचार केलाय, मुलाने चुकीची माहिती दिली तरी मुलाला शिक्षा नाही.

दुसरा, "शिक्षकांवर आधीच किती कामं!" हे शंभर टक्के खरं. निवडणूक त्यांनी, सर्वेक्षण त्यांनी, खिचडीचा हिशोब त्यांनी, ऑनलाइन माहिती त्यांनी. म्हणूनच म्हणतो, हे काम त्यांच्या डोक्यावर टाकूच नका. शिक्षकालाही यातून संरक्षण हवंय. खोटा आरोप झाला तर बाहेरच्या माणसाने तपासून "काही नाही" म्हटलेलं शिक्षकाच्या जास्त कामाचं, की संस्थेने मिटवलं अशी गावभर चर्चा?

तिसरा आक्षेप मला स्वतःला पटतो. पोरांना पोलिसांचे खबरे करायचे का? नाही. अमेरिकेत काही शाळांत माहिती देणाऱ्या विद्यार्थ्याला रोख बक्षीस द्यायच्या योजना चालतात. मला ते नको. मित्राच्या दप्तरातल्या तंबाखूच्या पुडीसाठी पैसे मिळाले तर पोरं काय शिकतील? चहाडी आणि तक्रार यात फरक आहे आणि तो पोरांना शिकवावा लागतो. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं ही चहाडी. कुणाला तरी इजा होतेय, ती थांबावी म्हणून सांगणं ही तक्रार. एवढी दोन वाक्यं पहिलीच्या बाईंनी दर सोमवारी सांगितली तरी पुष्कळ.

पण त्याच अमेरिकेतलं एक घेण्यासारखं आहे. १९९९ मध्ये कोलोरॅडो राज्यात कोलंबाईन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मेले. चौकशी आयोगाच्या लक्षात आलं की आधी कुणाकुणाला कुणकुण होती, पण सांगायला धड जागा नव्हती. आयोगाने नाव न सांगता कळवता येईल अशी सोय सुचवली आणि २००४ पासून तिथे सेफ टू टेल नावाची व्यवस्था चालते. मूल फोन करतं, शाळेबाहेरचा माणूस तो घेतो, माहिती शाळेला आणि पोलिसांना दोघांनाही जाते. नाव गुप्त ठेवण्याला कायद्याचा आधार आहे. पुढे काय केलं ते शाळेला परत कळवावं लागतं. आज हे काम राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे आहे. म्हणजे थोडक्यात, किल्ली शाळेकडे नाही. आपलं दुखणं त्यांच्यापेक्षा वेगळं आहे, पण कुलपाचा हिशोब तोच.

आणि एक गोष्ट पेटीने कधीच होणार नाही. बदलापूरच्या मुली चार वर्षांच्या होत्या. चार वर्षांचं लेकरू चिठ्ठी लिहीत नाही. त्या घरी बोलल्या म्हणून कळलं. घरच्यांनी ऐकलं म्हणून कळलं. आणि घरच्यांनी पोलिसांत जाऊनही गुन्हा नोंदवायला तासन् तास लागले, म्हणून २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळावर उतरले आणि दिवसभर गाड्या अडल्या. ते आठवा आणि मग आपल्या शाळेतल्या पत्र्याच्या पेटीकडे बघून सांगा, सुरक्षितता झाली का?

मला काय हवंय ते सांगतो. यातल्या एकाही गोष्टीला सरकारी निधी लागत नाही.

पेटीला दोन कुलपं. एक किल्ली समितीतल्या आईकडे, दुसरी शाळेबाहेरच्या माणसाकडे, म्हणजे पोलीस ठाण्याच्या महिला कर्मचारी किंवा पोलीस पाटील. दोघं आल्याशिवाय पेटी उघडणार नाही. शिक्षण हक्क कायद्यातच आहे की समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. त्या बायांना हळदीकुंकवापुरतं बोलावू नका, किल्ली द्या.

पेटी ऑफिसबाहेरून काढा. पाण्याच्या टाकीजवळ, स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा, जिथे प्रत्येक मूल जातं आणि का गेलं हे कुणी विचारत नाही.

दर महिन्याला फळ्यावर लिहा: चिठ्ठ्या किती आल्या, किती सुटल्या, किती बाकी. नावं नकोत, विषय नकोत, फक्त आकडे. पेटी उघडली जाते हे पोरांना कळलं पाहिजे. चार चिठ्ठ्या लिहिणाऱ्या त्या पोराला फक्त तेवढंच हवं होतं.

१०९८ हा नंबर प्रत्येक वर्गात, प्रत्येक व्हॅनमध्ये, मुलांच्या नजरेच्या उंचीवर. साहेबांच्या नजरेच्या उंचीवर नको.

बालवाडी ते दुसरी, दर आठवड्याला एखाद्या बाईंनी मुलांजवळ खाली बसून विचारायचं: कोण आवडत नाही, कुठे जायला नको वाटतं, का. आणि ऐकायचं.

आणि शेवटचं आपल्यासाठी, पालकांसाठी. पोर म्हणालं "मला त्या व्हॅनने नाही जायचं", तर "नाटकं करू नकोस" म्हणायच्या आधी एकदा विचारा. मीही माझ्या धाकट्याला हे म्हटलेलं आहे. माझा पोरगा त्याच व्हॅनने जायचा.

त्या प्रकारानंतरच्या बैठकीत रजिस्टर माझ्यापुढे आलं. सवयीने लिहिलेलं होतं, "तक्रार निरंक." मी सही केली नाही. पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली हाताने लिहिलं: तक्रारी तेवीस, अकरा महिने उशिरा वाचल्या. खाली माझं नाव. सर रागावले, मग गप्प बसले, मग त्यांनीही सही केली. आता पाण्याच्या टाकीजवळ नवी पेटी आहे, दोन कुलपांची. दहा रुपयेवाला प्रश्न सुटला. टॉयलेटला पाणी अजून नाही, फळ्यावर "बाकी" मध्ये लिहिलंय.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, माझी ना नाही. पण आधी उद्या सकाळी पोराला सोडायला जाल तेव्हा दोन मिनिटं आत जा. पेटी कुठे आहे बघा, हलवून बघा, आत कागद वाजतात का ऐका. आणि किल्ली मागा.

किल्ली सापडली नाही तर मला कळवा. कुलूप कापायला मी येतो.